मित्राच्या बहिणीचं लग्न आणि मित्र परदेशात: भावाची कामं अंगावर घेणाऱ्यासाठी

मुलीच्या लग्नाची तारीख ठरते आणि तिचा सख्खा भाऊ येऊ शकत नाही, हे आता बऱ्याच घरांत होतं. कुणी जहाजावर असतो, मध्येच उतरता येत नाही. कुणाचा व्हिसा अडकलेला असतो. आत्ता आला तर परत कधी जाता येईल याचा भरवसा नसतो. कुणाची रजा ऐन वेळी रद्द होते. मग तो शाळेतल्या मित्राला फोन करतो, "तू आहेस ना रे तिथे? जरा बघशील का?" या 'जरा'मध्ये एक मंगल कार्यालय, दीडशे नातेवाईक, एक तापट आचारी आणि गेल्या पंचवीस वर्षांचे रुसवेफुगवे येतात.

तुम्ही 'हो' म्हणून बसला असाल तर पुढचं वाचा. मी पुणे-सातारा भागातली लग्नं डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. कोकणात, खानदेशात, विदर्भात विधींची नावं आणि क्रम थोडे वेगळे असतील, घराघराप्रमाणेही बदलतील.

सगळ्यात आधी स्वतःशी एक गोष्ट पक्की करा. तुम्ही मुलीचा भाऊ व्हायला चाललेला नाही, भावाच्या वाटची कामं करायला चाललाय. वाचताना हे एकच वाटेल, पण कार्यालयात पाय ठेवला की फरक कळतो. भावाला मान असतो, म्हणून त्याला राग येतो, त्याच्यावर लोक रुसतात आणि त्याला बाजू घ्यावी लागते. तुम्हाला यातलं काही लागू नाही. "मला कुणी विचारलंच नाही" असं म्हणण्याचा हक्क नसलेला तिथे एकच माणूस असतो, तो तुम्ही. त्यामुळे दोन्ही काकांकडे जाऊन बोलू शकणारेही बहुधा तुम्हीच.

पहिलं काम: मित्राला तासभर धरा

'बघतो' म्हणून फोन ठेवू नका. एक तास सलग मागून घ्या आणि कागद घेऊन बसा. तुम्हाला त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात.

पहिली, कामांची यादी. तो तिथे असता तर काय काय त्याच्या अंगावर पडलं असतं? बस ठरवणं, फेटेवाला, फुलं, भटजींना आणणं-पोचवणं, आजीला गावाहून आणणं. त्याला वाटेल की आठ-दहा कामं आहेत. एकेका दिवसाचं विचारत गेलात की यादी दुप्पट होते.

दुसरी, पैशांची पद्धत. हे बोलायला दोघांनाही अवघड जातं, म्हणून तुम्हीच काढा. कितीपर्यंतचा खर्च तुम्ही न विचारता करायचा, त्यावरचा कुणाला विचारून करायचा, हे आकड्यात ठरवा. त्याने पैसे आधी पाठवायचे. "तू दे, मग बघू" यावर मैत्र्या बिघडतात. फुलवाल्याचे अठराशे कुणी दिले हे चार महिन्यांनी कुणालाच आठवत नसतं. रोख वेगळ्या पाकिटात ठेवा, आपल्या खिशात मिसळू नका, आणि प्रत्येक बिलाचा फोटो जागच्या जागी काढा.

तिसरी गोष्ट तो आपणहून सांगणार नाही, ती खोदून काढावी लागते: कोण कुणाशी बोलत नाही. मोठ्या काकांचं आणि मधल्या काकांचं शेताच्या वाटणीवरून काय झालं होतं, कोणत्या आत्याच्या मुलीच्या लग्नात कुणाला साडी हलकी दिली गेली होती, कोणत्या जावईबुवांना पंगतीत उशिरा बोलावलं तर ते गाडीत जाऊन बसतात. हे सगळं ऐकून घ्या, कुणाची बाजू खरी ते विचारू नका, आणि लिहून ठेवू नका. फोन चार जणांच्या हातात फिरतो.

आणखी एक गोष्ट मित्रानेच करायला हवी. घरच्या ग्रुपवर त्याने स्वतः लिहायचं की माझ्या वाटची कामं अमुक बघेल. शिवाय वडिलांना सांगून त्यांच्या तोंडून दोन-तीन वडीलधाऱ्यांच्या कानावर घालायचं. हे झालं नाही तर तुम्ही कोठीच्या दारात उभे राहाल आणि कुणीतरी मामा विचारतील, "आपण कोणाकडचे?"

माणसं ओळखणं

मोठ्या घरात नावं कामाला येत नाहीत. दोन अण्णा असतात, तीन ताई असतात, आणि 'बाळ' म्हणून ज्यांना हाक मारतात ते निवृत्त मुख्याध्यापक निघतात. फोनमध्ये नंबर साठवताना नातं, गाव आणि एक खूण घाला: 'आत्या, कराड, गुडघे', 'मामा, चिंचवड, इनोव्हा'. 'गुडघे' लिहिलेल्यांना तळमजल्यावरची खोली, 'इनोव्हा' लिहिलेल्यांना स्टेशनवर पाठवायचं.

मग हळूच शोधा की घरात निर्णय कोण घेतं. पत्रिकेवर निमंत्रक म्हणून आजोबांचं नाव असतं, खर्च वडील करतात, पण "विहिणीला कोणती साडी" यावरचा शेवटचा शब्द बहुतेक घरांत एखाद्या थोरल्या आत्याचा किंवा काकूंचा असतो. त्यांना पहिल्याच दिवशी जाऊन भेटा. नमस्कार करा, बसा, चहा घ्या आणि विचारा, "आत्या, मी काय करू?" आपण काय काय करणार आहोत ते सांगायला गेलात तर पुढचे आठ दिवस त्या तुमच्या चुका काढतील. विचारायला गेलात तर त्या तुम्हाला मदतनीस नेमून देतील. तो भाचा कामाचा नसला तरी ठेवून घ्या. घरातलं कुणीतरी सोबत असणं पुढे फार उपयोगी पडतं.

हाका मारताना मित्र ज्याला जे म्हणतो तेच म्हणा. तो वडिलांना नाना म्हणत असेल तर तुम्हीही नाना म्हणा. 'अंकल' मात्र नको.

लग्नाआधीचे दिवस

केळवणं सुरू झाली की तुम्हालाही बोलावतील. दोन-तीन ठिकाणी जाच. जेवायला म्हणून नव्हे, तर तिथेच खरी माहिती कळते: कोण येणार, कोण रुसलंय, कुणाला पत्रिका पोचली नाही. पत्रिका पहिली कुलदैवताला किंवा गणपतीला ठेवतात, त्यानंतर वाटप सुरू होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवणं आता चालतं, पण सगळ्यांना नाही. कुणाकडे प्रत्यक्ष जाऊन अक्षत द्यायची याची यादी त्या आत्यांकडून घ्या. अशा घरी तुम्ही एकटे जाऊ नका. घरचं एखादं माणूस, निदान तो भाचा, बरोबर हवा. निमंत्रण घरच्यांनी द्यायचं, गाडी तुम्ही चालवायची.

बस्ता बांधायला मात्र नेलं तरी जाऊ नका. साड्यांच्या दुकानात चार तास बसून तुमचं मत कुणालाही नको असतं, आणि चुकून दिलंत तर ते आयुष्यभर लक्षात राहतं.

मुलीकडचे यजमान असल्यामुळे कार्यालयाचं सगळं ओझं तुमच्या बाजूला आहे. आदल्या आठवड्यात तिथे एक चक्कर मारा. ताबा किती वाजता मिळतो आणि किती वाजता सोडायचा, जनरेटर आहे का, खोल्या किती, कोणत्या खोलीत गरम पाणी येतं, हे स्वतः बघा. वरपक्षाला द्यायच्या खोल्या सगळ्यात चांगल्या हव्यात आणि त्यांच्या नळाला पाणी हवंच. व्याह्यांच्या खोलीत पाणी नव्हतं, ही गोष्ट नातवंडांच्या मुंजीपर्यंत पुरते. मिरवणूक किंवा वाद्यं ठरली असतील तर उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवण्याचा नियम आहे, हे वाजंत्रीवाल्यापेक्षा उत्साही भाच्यांना आधी सांगून ठेवा.

कोठीची चावी

कार्यालयात गेल्यावर सगळ्यांत मोलाची वस्तू कोणती, तर कोठीघराची चावी. नारळ, तूप, साखर, विड्यांचं सामान, आहेराच्या पिशव्या, अक्षता, सगळं तिथे. ही चावी ज्याच्याकडे त्याच्याकडे दिवसभर माणसं येतात, आणि ती हरवली की लग्न थांबतं. चावी गळ्यात अडकवेल अशी एक मावशी किंवा काकू शोधा. शक्यतो जिला फोटोंची हौस नाही अशी. तुम्ही घेऊ नका. तुम्ही सतत फिरतीवर असणार.

आहेराच्या वहीपाशीही एकटे बसू नका. पाकिटं घेऊन नावं लिहिणं हे काम घरच्यांचं. बसावंच लागलं तर दोघांनी बसा: एकाने लिहायचं, दुसऱ्याने पाकिटावर क्रमांक टाकून पिशवीत ठेवायचं. पाकिटं तिथे उघडायची नाहीत. पिशवी दर तासाला मित्राच्या आईवडिलांपैकी कुणाच्या तरी हातात गेली पाहिजे.

तुमची स्वतःची एक पिशवी हवी. तिच्यात काडेपेटी, कात्री, सुईदोरा, सेफ्टी पिना, सेलोटेप, मार्कर, डोकेदुखीच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटं, सुट्टे पैसे, रिकामी पाकिटं, चार्जर. काडेपेटीबद्दल जास्तच आग्रहाने सांगतोय. होमाच्या वेळी भटजी हात पुढे करतात आणि शंभर माणसांत एकाकडेही काडेपेटी निघत नाही.

फेट्यांचं गणित आधी करून ठेवा. एक फेटा बांधायला दोन मिनिटं धरली तरी साठ फेट्यांना दोन तास लागतात. मुहूर्त ११ वाजून ४० मिनिटांचा असेल तर फेटेवाला ९ वाजता कामाला लागलेला हवा, आणि आधी मानाची माणसं, मग हौशी. जावयांना रांगेत उभं करू नका. घरातले जावई किती ते मोजा आणि फेटेवाल्याला घेऊन त्यांच्याकडेच जा.

विधींमध्ये तुम्ही कुठे उभे राहायचं

इथे घाई करू नका. मुलीच्या भावाची म्हणून लग्नात दोन ठळक कामं असतात: लाजाहोमात तिच्या ओंजळीत लाह्या घालणं आणि कानपिळीला नवरदेवाचा कान पिळणं. सख्खा भाऊ नसेल तर हा मान चुलत, आते, मामे, मावस भावांचा. घरात असे सहा भाऊ असतील आणि मित्राने फोनवर प्रेमाने म्हटलं असेल की "माझ्या जागी तूच उभा राहा", तरी तुम्ही पुढे होऊ नका. तो बोलून मोकळा होतो. मधल्या काकूंच्या मुलाला डावललं याचा राग तिथे उरतो. मित्राला सांगा की आईवडिलांशी बोल, आणि ते म्हणतील त्यालाच उभं कर. अनेकदा तोडगा निघतो: लाह्या चुलत भाऊ घालतो, कान तुम्ही पिळता. नवरीलाही विचारायला हवं, ते हमखास राहून जातं. लहानपणी जिच्या सायकलची चेन तुम्ही बसवून दिली असेल तिचं मत तुमच्या बाजूने पडलं तर आत्याही गप्प बसतात.

कुणी "सख्खा नाही, नात्यातला नाही, हा कसा चालेल?" असं विचारलंच तर उत्तर भटजींना देऊ द्या. आश्वलायन गृह्यसूत्रात लाजाहोमाच्या ठिकाणी 'भ्राता भ्रातृस्थानो वा' असं स्पष्ट म्हटलं आहे: भाऊ, किंवा भावाच्या ठिकाणी असलेला. जुन्या लोकांनी ही सोय करून ठेवली आहे. फक्त ती तुम्ही स्वतः सांगू नका. तुमच्या तोंडून ते वकिली वाटेल.

प्रत्यक्ष कृती सोपी आहे. नवरीच्या ओंजळीला तूप लावतात, त्यात तुम्ही सुपातल्या लाह्या दोनदा घालायच्या. जामदग्न्य गोत्रवाल्यांत तीनदा घालतात. ते भटजी सांगतील. वर तूप पडतं आणि लाह्या अग्नीत जातात. हे फेऱ्यांबरोबर तीन वेळा होतं. मूठ लहान घ्या, कारण पहिल्याच वेळी सूप निम्मं रिकामं करणारे बरेच असतात. उपरणं खोचून घ्या, टेरिकॉटचा झुळझुळीत कुर्ता घालून होमाजवळ बसू नका.

कानपिळीला पिळायचा तो कान, हे लक्षात ठेवा. जोर दाखवायचा नाही आणि चार मिनिटांचं विनोदी भाषणही करायचं नाही. नवरदेव सकाळपासून उपाशी असतो. "ताईला नीट सांभाळा, दाजी" इतकं बास. त्या वेळी वरपक्षाकडून भावाला आहेर मिळतो, कधी कपडे, कधी पाकीट. तो घ्या, नमस्कार करा आणि मांडवातून उठताच काकूंच्या, म्हणजे मित्राच्या आईच्या, हातात द्या: "हा त्याचा आहे." काकू तो तुम्हालाच परत देतील. एकदा नाही म्हणा. दुसऱ्यांदा दिला तर घ्या, तिथे ताणू नका.

बूट लपवणं हा प्रकार आपल्याकडे हिंदी सिनेमांतून आला. मुलींना करायचं तर करू द्या, पण रक्कम आधीच दोन्हीकडच्या समजूतदार माणसांकडून ठरवून घ्या. पायात स्लिपर घालून ताटकळणारे वऱ्हाडी आणि हट्टाला पेटलेल्या मावसबहिणी हे मिश्रण दुपारी दोनला चांगलं लागत नाही.

पलीकडे जागा असलेला मित्र

आपल्याकडे ११ वाजून ४० मिनिटांचा मुहूर्त असेल तर हिवाळ्यात न्यू जर्सीत मध्यरात्र उलटून १ वाजून १० मिनिटं झालेली असतात, कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे १० वाजून १०. तो जागा राहणारच. त्याच्यासाठी एक फोन आणि एक माणूस पूर्णवेळ नेमा, आणि तो माणूस तुम्ही नव्हे. कॉलेजातली एखादी शांत भाची उत्तम. फोन स्टँडवर, पॉवर बँक लावलेली, कार्यालयाच्या वायफायवर न विसंबता स्वतःचा डेटा. मंगलाष्टकांच्या वेळी फोटोग्राफर समोर येतो आणि पलीकडच्याला त्याची पाठ दिसते, म्हणून फोटोग्राफरला आधी सांगून ठेवा. अक्षता पडल्यावर दोन मिनिटं तो फोन नवरीच्या हातात द्या आणि बाकी सगळ्यांना बाजूला करा. त्याच्याकडे त्या रात्री बोलायला कुणी नसेल, तर दुपारी गर्दी ओसरल्यावर तुम्हीही एक फोन करा. पण भांडणं तेव्हा सांगू नका.

भांडण होईल, तेव्हा

होईलच. बहुधा जेवणाच्या सुमारास. कुणाच्या तरी साडीचा रंग, कुणाचं तरी नाव पत्रिकेतून गळलेलं, कुणाला तरी विहीण पंगतीत बसवलं नाही. अशा वेळी खरंखोटं करायला बसू नका. रुसलेल्या माणसाला काय हवं असतं, तर घरच्या कुणीतरी येऊन बोलवावं. तुम्ही बोलवून उपयोग नाही. तुम्ही फक्त नेमका माणूस शोधून आणायचा. "नाना, मोठे काका गाडीत बसलेत, तुम्हीच चला," एवढं कानात सांगायचं. नाना दोन मिनिटं जातात, काका ताटावर येतात. त्यांच्यात काय बोलणं झालं ते विचारू नका.

तुमच्याकडे कुणी दुसऱ्याची तक्रार घेऊन आलं तर "हो का, मला काही माहीत नव्हतं" हे वाक्य दिवसभर पुरतं. निरोप्या व्हायचं नाही. या काकांचं त्या काकांना सांगितलं की संध्याकाळी दोघे एक होतात आणि तुम्ही भांडण लावलं असं ठरतं.

जेवण

केटररचा हिशेब ताटांवर असतो. ताटं मोजायला त्यांचा एक आणि आपला एक माणूस हवा, आणि दुपारी तीनच्या आत आकडा कागदावर दोघांच्या सहीने पक्का व्हायला हवा. संध्याकाळी मोजलेली ताटं नेहमी जास्त भरतात, का ते देव जाणे. बसचे ड्रायव्हर, वाजंत्री, फोटोग्राफरची पोरं, फेटेवाला यांची जेवणं कुणाच्याच लक्षात नसतात. ती तुमच्या अंगावर. शेवटच्या पंगतीला काकू, नाना आणि तुम्ही बसाल. बासुंदी संपलेली असेल. सकाळी आचाऱ्याला सांगून एक पातेली बाजूला ठेवून घ्या.

भटजी निघायच्या आधी

हे काम कुणाच्याच यादीत नसतं. महाराष्ट्रात विवाह नोंदणी १९९८ च्या अधिनियमाखाली होते आणि ती लग्नापासून ९० दिवसांत करायची असते. नमुना 'ड'च्या विवाह ज्ञापनावर वर, वधू, तीन साक्षीदार आणि पुरोहित यांच्या सह्या लागतात. साक्षीदार नंतर मिळतात, पण भटजी सीझनमध्ये एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात धावत असतात. अर्ज आधी छापून आणा, दक्षिणेबरोबरच सही आणि ओळखपत्राची प्रत घेऊन टाका. पत्रिकेच्या दोन कोऱ्या प्रती आणि विधींचे दोन-तीन स्पष्ट फोटोही त्याच पाकिटात. नवरीला पासपोर्टवर काही बदल करायचा असेल तर हे पाकीट महिन्याभरात कुणीतरी शोधणार.

पाठवणी आणि नंतरचे दोन दिवस

पाठवणीला घरचे सगळे रडत असतात आणि कार्यालयाचा माणूस ताबा मागत असतो. तुमची जागा त्या वेळी दारात नाही, आत आहे. खोल्या एकेक करून उघडून बघा. चार्जर, बाथरूममधल्या अंगठ्या, उशीखालचे चष्मे, कवळी. कवळी मी खरंच बघितली आहे. भाड्याची भांडी मोजून द्या, अनामत रक्कम परत घ्या, उरलेलं जेवण कुठे द्यायचं ते आधी ठरलेलं असेल तर तिथे गाडी पाठवा. नवरीबरोबर पाठराखीण म्हणून कोण जातंय, तिची बॅग गाडीत चढली का, तेवढं मात्र आधी बघून या.

दोन दिवसांनी मित्राच्या घरी जा. बिलं क्रमाने लावून, उरलेली रोख आणि एका पानावर लिहिलेला हिशेब नानांच्या हातात द्या, फोटो मित्राला पाठवा. नाना न बघताच "असू दे रे" म्हणतील. तरी बसून दोन मिनिटांत वाचून दाखवा, कारण पुढे कधी विचारायची वेळ आली तर त्यांना ते अवघड जाईल. आहेराची यादी, फेटेवाल्याचा, आचाऱ्याचा, बसवाल्याचा नंबर त्या भाच्याला पाठवून ठेवा. मधल्या काकांच्या धाकटीचं मार्गशीर्षात ठरतंय असं केळवणातच कानावर आलेलं असतं.